लेहची वाट आणि फटफटीची पडशी

प्रवासाला निघणाऱ्याची पारख त्याच्या गांठोड्यावरून करावी, असें आमच्या लहानपणीं वडील माणसें म्हणत. काशीयात्रेला जाणाऱ्याच्या गांठोड्यांत सुईदोऱ्यापासून सुंठीपर्यंत सारें असावयाचें. कारण वाटेंत दुकान लागेल कीं नाहीं, याची शाश्वती नसे. घोड्यावरून लांब जाणारा मनुष्य नाल आणि खिळे बरोबर बाळगी. पुढें आगगाडी आली, मोटार आली, गांवोगांवीं दुकानें झालीं, आणि ही बांधाबांधीची विद्या आपल्या घरांतून हळूहळू लोपली. खिशांत मोबाईल असला म्हणजे सर्व कांहीं बरोबर आहे, अशी हल्लींची समजूत आहे. परंतु आपल्याच देशांत एक रस्ता असा आहे, कीं जेथें या जुन्या विद्येवांचून अद्याप गति नाहीं. हिमाचल प्रदेशांतील मनालीहून लडाखांतील लेहला जाणारा तो रस्ता. त्यावरून मोटारसायकलीनें जाणारे तरुण कोणतीं हत्यारें व कोणते सुटे भाग बरोबर नेतात, ते कसे बांधतात, आणि प्रसंग पडला असतां त्यांचा विनियोग कसा करतात, हें जवळून पाहण्याचा योग मला आला. तो वृत्तांत वाचकांस उपयुक्त वाटेल, या समजुतीनें येथें देत आहें.

माझा पुतण्या पुण्यास एका कारखान्यांत इंजिनिअर आहे. २०२२ सालच्या सप्टेंबरांत त्यानें आणि त्याच्या एका मित्रानें दोन गाड्या घेऊन लेहला जाण्याचें ठरविलें. त्याच्या मागची बैठक रिकामी राहणार, असें बोलण्यांत निघालें, आणि मीं तेथें माझें नांव सुचविलें. त्यावर घरांत जो कल्लोळ झाला त्याचें वर्णन करीत नाहीं. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या वाचकांस तो न सांगतां ऐकूं येईल. चौसष्टाव्या वर्षीं फटफटीवर बसून हिमालयांत जाणें हा आमच्या सौभाग्यवतींच्या मतें वानप्रस्थ नसून शुद्ध पोरकटपणा होता. अखेर डॉक्टरांनीं छाती व रक्तदाब तपासला, आणि दर टप्प्याला मुक्काम करीत हळूहळू चढावें, या अटीवर अनुमति दिली. वहिनींनीं मुलाला एवढेंच बजाविलें, "गाडी बंद पडली तर काकांना रानांत बसवून ठेवूं नकोस." पुढची सारी तयारी या एका वाक्यांतून निघाली, असें म्हणावयास हरकत नाहीं.

प्रथम त्या वाटेचें स्वरूप सांगितलें पाहिजे. मनाली समुद्रसपाटीपासून सुमारें ६,७०० फूट उंच, आणि लेह सुमारें ११,५०० फूट. हे आंकडे फार भीतिदायक नाहींत. पण दोहोंच्या मध्यें जें आहे तें भीतिदायक आहे. रोहतांगची खिंड पूर्वीं ओलांडावीच लागे. ३ ऑक्टोबर २०२० रोजीं तिच्याखालचा अटल बोगदा खुला झाला. त्याची लांबी ९.०२ किलोमीटर असून, त्यानें मनाली ते लेह हें अंतर ४६ किलोमीटरांनीं कमी केलें. बोगद्यांतून बाहेर पडतांच लाहूलचा प्रदेश लागतो. तेथें तांडी या ठिकाणीं चंद्रा आणि भागा या दोन नद्यांचा संगम आहे. संगमानंतर तिचें नांव चंद्रभागा, आणि तीच पुढें चिनाब. ऋग्वेदांतील असिक्नी ती हीच. पंढरपुरास भीमेला अर्धचंद्राकृति वळणामुळें चंद्रभागा म्हणतात. येथें मात्र दोन नद्यांचीं दोन नांवें प्रत्यक्ष एकत्र येतात. तो संगम पाहून कोणाही मराठी मनुष्याचा हात सहज जोडला जाईल.

परंतु फटफटीवाले तांडीला थांबतात ते संगमासाठीं नव्हे, तर पेट्रोलसाठीं. तेथील पंपाजवळ 'पुढील पंप ३६५ किलोमीटरांवर' अशा अर्थाची पाटी वर्षानुवर्षें होती, आणि तिच्याशेजारीं उभें राहून छायाचित्र काढणें हा या वाटेवरील एक संस्कारच होऊन बसला. पाटीचा खरा अर्थ पेट्रोलपुरता नाहीं. पुढें बारालाचा ही सुमारें १६,००० फुटांची खिंड, मग सरचूचें पठार, मग गाटाचीं एकवीस वळणें, नकी-ला, १६,६०० फुटांची लाचुलुंग-ला, पांग येथील तंबू आणि सैन्याचा तळ, मोरे नांवाचें साडेपंधरा हजार फुटांवरील विस्तीर्ण मैदान, आणि शेवटीं सुमारें १७,५०० फुटांची तांगलांग-ला. एवढ्या वाटेंत चहा मिळतो, भात-डाळ मिळते, अंथरूण मिळतें. पण हवा तो सुटा भाग मिळण्याचा भरंवसा नाहीं. मोबाईल बहुतेक ठिकाणीं मुका असतो. रस्ता सीमा सडक संघटनेनें मोठ्या कष्टानें राखलेला आहे. तथापि वितळलेल्या बर्फाचे ओढे त्याला ठिकठिकाणीं खाऊन टाकतात, आणि तेथें उरतात ते केवळ पाण्यांतले गोटे. हे ओढे सकाळीं लहान व दुपारनंतर मोठे असतात, म्हणून जाणते लोक पहाटेंच निघतात.

आतां मुख्य विषय. आमची गाडी रॉयल एनफील्डची 'हिमालयन', ४११ सी.सी.ची. एनफील्डच्या 'बुलेट'चें नांव इंग्लंडांत १९३२ पासूनचें. ती १९५५ नंतर मद्रासेस तयार होऊं लागली, आणि आपल्या देशांतील डोंगरी रस्त्यांशीं तिचें नातें जुनें आहे. 'हिमालयन' ही २०१६ सालीं निघालेली तिची धाकटी बहीण. पुढचें चाक २१ इंची, मागचें १७ इंची. दोन्हीं चाकें ताऱ्यांचीं म्हणजे स्पोकचीं. आणि आंत ट्यूब. खडकाळ वाटेवर ताऱ्यांचें चाक धक्का सोसतें, वांकलें तरी सरळ करतां येतें. पण ट्यूब असल्यामुळें पंक्चर झालें कीं चाक उतरविल्यावांचून इलाज नाहीं. सारांश, या वाटेवरील हत्यारांचा विचार चाकापासून सुरू होतो.

निघण्यापूर्वीं पंधरा दिवस पुतण्यानें अंगणांत सतरंजी टाकून सर्व सामान मांडलें. लग्नाच्या यादीप्रमाणें त्याचे तीन भाग केले होते. पहिला भाग चाकाचा: पुढची एक व मागची एक अशा दोन ट्यूबा, टायर उचकटण्याच्या तीन लोखंडी पट्ट्या, ठिगळें, न फोडलेलें सोल्यूशन, घासण्याचा कागद, व्हॉल्व्हच्या पिना, पायानें मारावयाचा पंप आणि हवा मोजण्याचें यंत्र. सोल्यूशनची नळी एकदां फोडली म्हणजे कांहीं दिवसांत आंतल्या आंत सुकते. म्हणून जुनी अर्धी नळी नेणें म्हणजे न नेल्यासारखेंच. दुसरा भाग ज्या वस्तु तुटल्या असतां गाडी जागची हलत नाहीं त्यांचा: क्लचची केबल, अ‍ॅक्सिलेटरची केबल, क्लच व ब्रेकचे हाताचे दांडे, स्पार्क प्लग, फ्यूज, चेनची एक जोडकडी. तिसरा भाग जुगाडाचा, म्हणजे जें तुटेल पण काय तुटेल तें आज सांगतां येत नाहीं त्यासाठीं: बारीक तार, काळी चिकटपट्टी, प्लॅस्टिकचे बंद, एमसील, कांहीं नट-बोल्ट, आणि सुतळी. पेट्रोलचा एक पांच लिटरचा डबाही होता. कारण टाकी १५ लिटरांची असली तरी दोन माणसें आणि चढण यांचा हिशेब तांडीच्या पाटीशीं घासूनच येतो.

हे सर्व पाहून मला वाटलें, तयारी झाली. पण पुतण्या म्हणाला, "काका, आतां परीक्षा." त्यानें घरांतील हत्यारांची मोठी पेटी कुलूप लावून ठेवली, आणि फक्त सतरंजीवरील सामानानें मागचें चाक काढून, ट्यूब बाहेर घेऊन, पुन्हां बसवावयास आरंभ केला. मास्तरकीच्या आयुष्यांत मीं पुष्कळ परीक्षा घेतल्या. इतकी प्रामाणिक परीक्षा थोडीच पाहिली असेल. आंसाच्या नटाला बसणारा मोठा पाना यादींत नव्हता, तो लागला. उलट, मोठ्या हौसेनें आणलेल्या पान्यांच्या संचांतील निम्म्याहून अधिक पाने त्या गाडीवर कोठेंच बसत नव्हते. ते घरीं राहिले. गाडीच्या प्रत्येक नटाला जो पाना बसतो तेवढाच न्यावा, आणि जो बसत नाहीं तो कितीही सुंदर असला तरी ठेवून द्यावा, हा नियम त्यानें पाळला. या रीतीनें वजन निम्म्यावर आलें, आणि तरी उणीव राहिली नाहीं. संग्रह आणि अपरिग्रह यांच्यामधील रेषा कोठें ओढावी, याचा निर्णय ग्रंथांपेक्षां अशा अंगणांत लवकर होतो.

बांधण्याचें शास्त्र याहून सूक्ष्म आहे. जड वस्तु गाडीच्या मध्यभागीं व जितक्या खालीं जातील तितक्या खालीं बांधाव्या. मागील कॅरिअरवर, आंसाच्याही पलीकडे वजन टांगलें, कीं पुढचें चाक हलकें होतें, आणि वाळूंत किंवा गोट्यांत गाडी वाऱ्यावर डुलल्यासारखी डुलते. म्हणून पाने व पट्ट्या पुढील लोखंडी संरक्षक दांड्याला बांधलेल्या कातडी पिशवींत गेल्या, आणि मागें दोहों बाजूंस लोंबणाऱ्या पडशींत कपडे, औषधें व हलक्या वस्तु गेल्या. घोड्याची पडशी आणि फटफटीची पडशी यांच्या रचनेंत कांहींच फरक नाहीं: दोन्हीं बाजू सारख्या वजनाच्या हव्यात. अंगावरच्या पाठपिशवींत लोखंडाचें कांहीं ठेवूं नये. पडल्यावर तोच पाना पाठीच्या कण्यांत शिरतो. हत्यारें एकमेकांवर आपटतां कामा नयेत. दिवसभराच्या थरथराटानें मोकळा पाना शेजारच्या ट्यूबेला भोंक पाडतो, म्हणजे रक्षकच भक्षक होतो. यासाठीं वहिनींनीं एक जुनें लुगडें फाडून दिलें. त्याच्या कप्पे शिवलेल्या पट्टींत प्रत्येक पान्याची जागा ठरली, आणि ट्यूबांना शंखजिऱ्याची पूड लावून त्या दुसऱ्या तुकड्यांत गुंडाळल्या.

एक युक्ति मला फार आवडली. नवी क्लचची केबल पिशवींत न ठेवतां जुन्या केबलीच्या शेजारूनच, जशी ती बसावयाची तशी, ओढून ठेवतात, आणि दोन्हीं टोकें चिकटपट्टीनें बंद करतात. जुनी तुटली, कीं नवीचीं टोकें अडकवावयाचीं. टाकी उतरविण्याचे कष्ट वांचतात. थंडीनें बोटें बधिर झालेल्या मनुष्याला हे वांचलेले कष्ट म्हणजे केवढी गोष्ट आहे, हें तेथें गेल्यावर कळतें.

आम्ही जिस्पा येथें दोन रात्री काढल्या, एक रात्र सरचूला काढली, आणि तिसऱ्या टप्प्याला लेहच्या रोखानें निघालों. गाटाचीं वळणें चढून गेल्यावर जें दिसतें तें सृष्टीचें बांधकाम अर्धवट सोडल्यासारखें आहे. झाड नाहीं, गवत नाहीं. तांबडे, पिंवळे, जांभळे डोंगर, आणि वाऱ्यानें कोरलेले मातीचे मनोरे. आकाश इतकें गडद निळें, कीं तें शाईच्या दौतींत पाहिल्यासारखें वाटावें. बोलतांना वाक्य पुरें होण्यापूर्वीं श्वास संपतो. तांगलांगवर हवेचा दाब समुद्रकांठच्या सुमारें निम्मा असतो. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्याही तेथें माणसांप्रमाणेंच धापा टाकतात. नव्या गाड्यांत इंधनाचें प्रमाण विजेच्या यंत्रणेनें आपोआप जुळतें. माणसांस अशी सोय नाहीं.

लाचुलुंग उतरून पांगकडे जातांना, एका वळणावर, रस्त्याच्या कडेला एक गाडी उभी दिसली व तिच्याशेजारीं एक तरुण दगडावर बसलेला. केरळाकडून एकटाच आलेला तो मुलगा. गाडी आमच्याच जातीची. गोट्यांवरून गाडी मऊ चालावी म्हणून त्यानें मागच्या चाकांतील हवा फार कमी केली होती. त्यामुळें टायर पोलादी कड्यावर सरकलें आणि त्याबरोबर ट्यूबेचा व्हॉल्व्ह बुडापासून फाटला. ट्यूबेला भोंक पडलें तर ठिगळ लागतें. व्हॉल्व्ह बुडाशीं फाटला तर लागत नाहीं. त्याच्याजवळ ठिगळें होतीं, ट्यूब नव्हती. तीन तास तो तेथें बसला होता. दुपार उतरूं लागली होती, आणि सूर्य डोंगराआड गेला म्हणजे तेथील थंडी किती निर्दय होते, हें आम्ही आदल्या रात्रीं सरचूला अनुभविलें होतें.

पुतण्यानें गाडी थांबविली, चाक पाहिलें, आणि तो माझ्याकडे पाहूं लागला. त्याच्या मनांत काय चाललें आहे, हें मला समजलें. मागच्या चाकाची आमच्याजवळ एकच ट्यूब. त्याच्या मित्राची गाडी निराळ्या मापाची, तिची ट्यूब उपयोगाची नव्हती. पुढें मोरेचें मैदान, तांगलांगची खिंड, आणि आमच्या मागील चाकावर दोन माणसें. मित्र हलक्या आवाजांत म्हणाला, "पुढच्या चाकाची ट्यूब देऊं. ती मागें कशीबशी बसते, हळूहळू पांगपर्यंत जाईल तो." हेंही खोटें नव्हतें. अडचणीच्या वेळीं पुढची निरुंद ट्यूब मागें कोंबून जवळचें गांव गांठणारे लोक आहेत. पण पांग म्हणजे तंबूंची वस्ती. तेथून त्या मुलानें पुढें काय करावयाचें?

ज्या चाकाचा प्रश्न होता त्यावर माझेंच वजन असल्यामुळें मला मत देण्याचा अधिकार सर्वांत अधिक होता, कीं सर्वांत कमी, हें मला ठरवितां येईना. म्हणून मी गप्प राहिलों. पुतण्यानें क्षणभर विचार केला आणि म्हणाला, "त्याची गरज झालेली आहे, आपली होईल कीं नाहीं कोणास ठाऊक. मागचीच देतों." मग त्या मुलाकडे वळून त्यानें हिंदींत एक अट घातली: येथून लेहपर्यंत तिन्ही गाड्या बरोबर चालतील. आमचें चाक बसलें, तर तो मला आपल्या मागें घेऊन जाईल. महाभारतांत शांतिपर्वाचा एक भाग आपद्धर्माला दिलेला आहे. विद्यार्थ्यांस तो शब्द समजावून सांगतांना मीं अनेक वर्षें खडू झिजविला. याहून चांगलें उदाहरण मला वर्गांत कधीं सुचलें नव्हतें.

मग कामास आरंभ झाला. मोठ्या पान्यानें आंस सुटला, चेन उतरली, चाक बाहेर आलें. टायरची कड कड्यावर इतकी घट्ट बसलेली होती, कीं तिघांच्या पायांनींही हलेना. तेव्हां चाक आडवें ठेवून दुसऱ्या गाडीच्या बाजूच्या स्टँडची टांच त्या कडेवर दाबली, आणि ती 'टक्' करून सुटली. नव्या ट्यूबेंत अगोदर थोडी हवा भरून तिला गोल केली, म्हणजे ती पट्टीखालीं चिमटत नाहीं. टायरच्या आंतून सावकाश हात फिरवून खडा किंवा तार राहिली नाहीं ना, हें पाहिलें. हें सर्व अंगणांत झालेलें असल्यामुळें पुतण्याचे हात कोठें अडखळले नाहींत. अडखळला तो श्वास. सोळा हजार फुटांच्या आसपास पायाचा पंप मारणें म्हणजे काय, हें शब्दांनीं सांगतां येत नाहीं. वीस-पंचवीस ठोक्यांनंतर मनुष्य खालीं बसे आणि दुसरा पंप घेई. मला कोणी पंपाला हात लावूं दिला नाहीं. मीं लुगड्याची पट्टी मांडीवर घेऊन एकेक पाना देण्याचें व परत आल्यावर त्याच्या कप्प्यांत घालण्याचें काम केलें. रस्त्यावरील दुरुस्तींत निम्मीं हत्यारें मातींत हरवतात. आमचें एकही हरवलें नाहीं, हा माझा त्या मोहिमेंतील वांटा.

दीड तासानें आम्ही हललों. पांगला चहा घेतला. मोरेच्या मैदानावर लांब सांवल्या पडल्या होत्या. तांगलांगवर पोंचलों तेव्हां उजेड थोडा उरला होता, आणि वाऱ्यापुढें उभें राहवेना. त्या सबंध वाटेंत आमच्या मागच्या चाकाखालीं खडा आला, कीं माझें मन त्या खड्याशीं जाऊन बसे. रात्रीं रुम्त्से या गांवीं एका घरांत जागा मिळाली, आणि दुसऱ्या दिवशीं उपशीला सिंधूचें दर्शन घेऊन दुपारपर्यंत लेहला पोंचलों. चाक बसलें नाहीं. तें बसलें असतें तर पुतण्याचा निर्णय चुकीचा ठरला असता, असें मात्र मला वाटत नाहीं.

लेहला तो केरळी मुलगा संध्याकाळीं आम्ही उतरलों होतों तेथें आला. बाजारांतून नवी ट्यूब आणली होती. पुतण्यानें ती घेतली. नको म्हटलें नाहीं. कारगिल-श्रीनगरची परतीची वाट अजून पुढें होती, आणि मोकळ्या जागीं ट्यूब पाहिजेच होती.

आपल्या घरांतील मुलें-मुली अशा वाटांनीं जाऊं लागलीं आहेत, आणि जाणार आहेत. वडीलधाऱ्यांनीं त्यांस अडवून फारसें साधत नाहीं, व "सांभाळून जा" एवढें म्हणूनही साधत नाहीं. त्यांना अंगणांत, किंवा अंगण नसेल तर इमारतीच्या खालच्या मोकळ्या जागेंत, बरोबर नेणार असलेल्या हत्यारांनींच मागचें चाक काढून पुन्हां बसवावयास सांगावें, आणि आपण खुर्ची टाकून शेवटपर्यंत बसावें. चाक नीट बसलें तर निश्चिंत मनानें निरोप द्यावा. नाहीं बसलें, तर काय कमी आहे तें त्याच दिवशीं कळेल, आणि बाजार घरापासून दोन गल्ल्यांवर असेल.